थंड भट्टी पुन्हां पेटवितांना

हातांतली विद्या कोणी चोरून नेत नाहीं, असें म्हणतात. परंतु वापरावांचून ती गंजते, हेंही तितकेंच खरें आहे.

यवतमाळ जिल्ह्यांतील दिग्रस हा कपाशीचा मुलूख. मृग जवळ आला कीं वखराच्या पासा पाजवावयास निघतात. वऱ्हाडांत खाती या नांवानेंही ओळखला जाणारा लोहार हा अशा वेळीं गांवाचा आधार. पुढें बलुत्याचें धान्य आटलें, ट्रॅक्टर आले, आणि कित्येकांनीं भाता गुंडाळून मजुरीची वाट धरली. असा कारागीर दहापंधरा वर्षांनीं ऐरणीपाशीं परतला, तर त्याची विद्या कितपत शिल्लक असते?

घाव कोठें घालावा हें हात सहसा विसरत नाहीं. उणा पडतो तो दम आणि डोळा. मन जुन्या घणाकडे धांवतें, पण मनगट व कोपर अजून तयार नसतात. म्हणून प्रथम हलका हातोडा घ्यावा आणि खिळे, कड्या, आंकडे अशीं लहान कामें करावीं. उभ्यानें काम करणाराची ऐरण बंद मुठीच्या उंचीला असावी. त्यायोगें पाठ वांचते.

डोळ्याची परीक्षा रंगांत आहे. सुमारें ७०० अंशांना लोखंड मंद लाल दिसतें, १००० च्या पुढें नारिंगी-पिवळें होतें, आणि पांढरें होऊन ठिणग्या फेकूं लागलें कीं जळूं लागतें. उन्हांत हे रंग फसवितात. यास्तव भट्टी सांवलींत हवी. सराव सुटलेल्यानें लोहचुंबक जवळ ठेवावा. सुमारें ७७० अंशांवर लोखंड त्याला चिकटत नाहीं. पाणी पाजण्याची वेळ याच्या किंचित् पुढें असते.

तापवून एकदम विझविलेलें पोलाद कांचेसारखें कडक, पण ठिसूळ होतें. तें घांसून हलकेंच पुन्हां तापवावें. गवती पिवळा रंग आला कीं विळ्याला धार टिकते. जांभळट निळा आला कीं कुऱ्हाड घाव सोसते.

येथेंच जुनी संवय घात करूं शकते. आज भट्टीवर बहुधा भंगारांतलें लोखंड येतें. मोटारीच्या कमानपाट्याचें पोलाद पाण्यांत विझविल्यास तडकण्याचा संभव असतो. त्याला तेल बरें. उलट, साध्या नरम सळईला कितीही पाणी पाजलें तरी धार धरवत नाहीं. जस्ताचा मुलामा असलेला नळ तर भट्टींत घालूंच नये. त्याच्या धुरानें ताप भरतो.

भांडवलाची अडचण वेगळीच. १७ सप्टेंबर २०२३ रोजीं सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेंत अठरा व्यवसायांमध्यें लोहारकीला स्थान मिळालें. तींत प्रशिक्षण, अवजारांसाठीं १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य आणि पहिल्या हप्त्यांत १ लाखापर्यंत ५ टक्के व्याजाचें कर्ज, अशी तरतूद करण्यांत आली.

परंतु गिऱ्हाईक कर्जानें मिळत नाहीं. पेरणीच्या तोंडावर पास मोडली, तर शेतकऱ्याचा वाफशाचा दिवस जातो, आणि तो दिवस कोणी भरून देऊं शकत नाहीं. म्हणून परतलेल्या कारागिरानें पहिला हंगाम आपल्याच अवजारांवर हात बसवावा, आणि मगच दुसऱ्याची पास भट्टींत घालावी.