घड्याळाची नोंद आणि देहाचा मेळ

बँकेत उभी हयात गेल्यामुळे आकड्यांवर विश्वास ठेवण्याची आणि तरीही ते पडताळून पाहण्याची सवय मला जडली आहे. दिवसअखेर रोकड मोजायची, ती वहीतील शिलकीशी ताडून पाहायची आणि मेळ बसल्याखेरीज तिजोरीला कुलूप लावायचे नाही, हा आमचा रिवाज. व्यापारी घराण्यांतील वाचकांना तो वेगळा सांगायला नको. निवृत्तीनंतर मात्र मनगटावरील एका यंत्राच्या बाबतीत मी हा रिवाज विसरलो. त्याची ही हकिकत.

वाढदिवसाला मुलाने स्मार्ट घड्याळ भेट दिले. रोज दहा हजार पावले पुरी झाली की मला परीक्षा उत्तीर्ण झाल्यासारखे वाटे. ही दहा हजारांची संख्या आली कोठून, याचे कुतूहल वाटून शोध घेतला. १९६५ साली जपानमधील एका घड्याळ कंपनीने पावले मोजणारे उपकरण विक्रीस आणले. त्याचे नाव ‘मान्पो-केई’, म्हणजे ‘दहा हजार पावलांचा मापक’. विक्रीसाठी घेतलेला हा सुटसुटीत आकडा पुढे आरोग्याचा नियम होऊन बसला!

नाडी मोजण्याची रीत मात्र खरोखर शास्त्रीय आहे. घड्याळाच्या पाठीवरील हिरवा दिवा त्वचेवर प्रकाश टाकतो. रक्त तो प्रकाश शोषून घेते. प्रत्येक ठोक्यासरशी मनगटातील रक्ताचे प्रमाण बदलते, तसा परतणारा प्रकाशही बदलतो आणि त्यावरून ठोक्यांची गणना होते. माझ्या घड्याळात याखेरीज ईसीजीचीही सोय आहे. दुसऱ्या हाताचे बोट टेकवले की तीस सेकंदांत आलेख तयार होतो.

गेल्या दिवाळीनंतर धाकट्या भावाच्या पेढीच्या माडीचा जिना चढताना छातीत दडपल्यासारखे वाटू लागले. दोन मिनिटे बसले की बरे वाटे. मी बसूनच घड्याळावर बोट टेकवी आणि ठोके नियमित असल्याचा निर्वाळा मिळाला की निश्चिंत होई. असे तीन आठवडे गेले. अखेर पत्नी म्हणाली, “अहो, जिना चढताना तुमचा चेहरा त्या घड्याळाला दिसतो का? मला दिसतो. उद्या डॉक्टरांकडे जायचे.”

हृदयरोगतज्ज्ञांनी माझे सारे आलेख शांतपणे पाहिले. मग ते म्हणाले, “हे घड्याळ हृदयाकडे एकाच बाजूने पाहते आणि मुख्यतः ठोक्यांची लय तपासते. आम्ही बारा बाजूंनी पाहतो, तरीही विश्रांतीत काढलेल्या आलेखात कधी कधी दोष दिसत नाही. रक्तवाहिनीतला अडथळा घड्याळाला कळत नाही.” धनादेशावरील सही जुळली म्हणून खात्यात शिल्लक आहेच, असे मी गृहीत धरले होते! आयुष्यभर इतरांना जी चूक करू दिली नाही, ती स्वतःच्या देहाच्या बाबतीत केली. घड्याळाने खोटे सांगितले नव्हते. न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मी त्यात वाचले होते.

उपयोगी पडला तो मोबाइलचा साधा कॅमेरा. दोन वर्षांपूर्वीच्या तपासणीतला कार्डिओग्राम फाइलमध्ये होता, पण थर्मल कागद पार कोरा पडला होता. पत्नीने मात्र त्याच दिवशी त्याचे छायाचित्र काढून ठेवले होते. जुना आणि नवा आलेख शेजारी ठेवताच बदल डॉक्टरांच्या ध्यानात आला. पुढे अँजिओग्राफी झाली, एक स्टेंट बसला आणि आज मी हा लेख लिहीत आहे.

घड्याळ मी टाकून दिलेले नाही. दिवसभर गादीवर बसणाऱ्या आपल्यासारख्यांना ते उठवून चार पावले चालायला लावते, हे थोडे नाही. ठोक्यांची अनियमितता त्यातून लक्षात येऊ शकते, हेही खरे. परंतु छातीत दडपण, जबड्यात वा हातात कळ, घाम, धाप असे काही जाणवले, तर मनगटाकडे पाहत बसू नये. ताबडतोब १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. आणि घरातील प्रत्येकाच्या तपासण्यांची छायाचित्रे, तारखेसह, मोबाइलमध्ये जपून ठेवावीत.

आता रात्री घड्याळ चार्जिंगला लावताना मी दिवसाचे आकडे पाहतो आणि मग पत्नीला विचारतो, “आज कसा दिसलो?” दोन्ही नोंदींचा मेळ बसला, की दिवा मालवतो.