खडे निवडायचे आणि चिठ्ठीही लावायची

मंडळी, समजा इथे कळंबहून तुम्ही नालासोपाऱ्याला गेलात आणि एखाद्या दुकानातून जुन्या लॅपटॉपवर डेबियन टाकून घेतलं. दुकानदार कामाचे पैसे घेणार. त्यासाठी त्याने परवानगी कुणाची काढायची? कुणाचीच नाही. पण ही निर्धास्ती आपोआप येत नाही. पॅकेज बांधताना आम्ही जे निवडायला बसतो, त्यातून ती येते.

मूळ लेखक आपला प्रोग्राम एका गठ्ठ्यात देतात, त्याला टारबॉल म्हणतात. लायसन्स वरवर मुक्त असतं, पण आत काय निघतं बघा: 'व्यापारी वापर नको' अशा अटीचं चित्र, किंवा दाबून लहान केलेली जावास्क्रिप्ट, जिचा वाचण्याजोगा कोड दिलेलाच नाही. डेबियनची तत्त्वं १९९७ सालची: विक्रीला मज्जाव नको, बदलाची मुभा हवी, स्रोत हवा. यात हे बसत नाही.

कुणी म्हणेल, "ते चित्र इन्स्टॉलच करू नका, झालं!" तसं चालत नाही. कारण स्रोताचा गठ्ठाही आम्ही जगभर वाटतो. म्हणून तांदळातले खडे निवडावेत तशा त्या फाइली काढायच्या आणि गठ्ठा पुन्हा बांधायचा.

खरी जबाबदारी पुढेच आहे. एक फाइल काढली तरी चेकसम बदलतो, मूळ लेखकाची डिजिटल सही जुळत नाही. तो गठ्ठा 'मूळ' म्हणून खपवणं ही फसवणूकच. म्हणून आवृत्तीच्या आकड्यापुढे आम्ही 'प्लस डीएफएसजी' जोडतो. कॉपीराइट फाइलीत 'फाइल्स-एक्सक्लूडेड' खाली काय वगळलं त्याची यादी देतो, कारणही लिहितो. तीच यादी वाचून यूस्कॅन हे साधन पुढच्या आवृत्तीतले खडे आपोआप काढतं. शंका आली तर कुणीही मूळ गठ्ठा आणून ताडून पाहावा.

यात नुकसानही होतं. २००६ च्या मतदानात, न बदलता येणारे भाग असलेले दस्तऐवज मुक्त नाहीत असं ठरलं. त्यामुळे ईमॅक्सची मार्गदर्शक पुस्तकं मुख्य संग्रहाबाहेर गेली. ती आजही वेगळ्या विभागात शोधावी लागतात.

म्हणून कात्री लावण्याआधी मूळ लेखकाला लिहून बघावं. आपला लोहित देवनागरी फॉन्ट घ्या. लायसन्स मुक्त, अक्षरांच्या संपादन करता येणाऱ्या फाइलीही दिलेल्या. तिथे निवडायला खडाच नाही!