शब्दांचा उपद्रव आणि कचेरीची रचना

कारकुनाचे चित्त विचलित व्हावयास मोठा गोंगाटच लागतो, असे आपण सहज गृहीत धरतो. वस्तुतः पंख्याची अखंड घरघर त्याला तासन्‌तास बाधत नाही, पण दोन टेबलांपलीकडे कोणी हलक्या आवाजात बोलू लागले, की त्याच्या बेरजेला पुन्हा पहिल्या आकड्यापासून आरंभ करावा लागतो. १९७६ साली कॉल आणि वेल्श या अमेरिकेतील संशोधकांनी काही व्यक्तींना अक्षरांची मालिका क्रमवार ध्यानात ठेवावयास सांगून त्याच वेळी एक जर्मन उतारा ऐकविला, तेव्हा त्या भाषेचे ज्ञान नसतानाही त्यांच्या चुका वाढल्या. आणि आवाज बराच क्षीण केला तरी हानी फारशी घटत नाही, असे पुढील प्रयोगांत आढळले. उपद्रव ध्वनीच्या मोठेपणात नसून त्याच्या क्षणोक्षणी पालटणाऱ्या स्वरूपात आहे, आणि वाचन-लेखनाच्या कामात तर शब्दांचा अर्थही त्यात भर घालतो.

भिंती काढून टाकल्या म्हणजे विचारविनिमय वाढेल, ही १९५० नंतरच्या दशकात जर्मनीत श्नेल बंधूंनी पुरस्कारिलेल्या खुल्या कचेरीमागील श्रद्धा होती. ती उदात्त असली, तरी बर्नस्टाइन व टर्बन यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, खुल्या दालनात आणलेल्या नोकरवर्गाचे समोरासमोरचे बोलणे सुमारे ७० टक्क्यांनी घटले व लेखी संदेशांची देवघेव वाढली, असे दिसून आले. पाहणाऱ्या डोळ्यांपासून माणूस आपल्यापुरता आडोसा शोधतोच, आणि ते मला सर्वथा स्वाभाविक वाटते.

मग तजवीज काय करावी? प्रथम छताकडे पाहावे. कारण टेबलांमधील आडपडदा कितीही उंच केला, तरी कठीण गिलाव्यावरून परावर्तित झालेला आवाज त्यावरून पलीकडे उतरतो, आणि सच्छिद्र, तंतुमय फलकांनीच त्याचे शोषण होते. परंतु केवळ शोषणाने दालन अतिशय निःशब्द झाले, तर दूरचा प्रत्येक शब्द अधिकच स्पष्ट ऐकू येतो. म्हणून वायुवीजनासारखा मंद, एकसुरी ध्वनी बुद्ध्याच राखावा लागतो, आणि शांततेच्या नावाखाली तो बंद करणारे व्यवस्थापक आपल्याच कामगारांचा घात करतात. बोलण्याची सुबोधता ज्या अंतरावर निम्म्याखाली उतरते, ते अंतर मोजण्याची रीत २०१२ च्या आंतरराष्ट्रीय मानकाने घालून दिली आहे: ते पाच मीटरांच्या आत असल्यास दालन उत्तम, दहा मीटरांपलीकडे गेल्यास निकृष्ट.

दूरध्वनीचा बंदोबस्त मात्र स्वतंत्रच हवा. कॉर्नेल विद्यापीठात २०१० साली झालेल्या प्रयोगांत, दोघांचे संपूर्ण संभाषण ऐकण्यापेक्षा एकाच बाजूचे बोलणे कानी पडल्यास लक्ष अधिक ढळते, असे आढळले. न ऐकलेल्या अर्ध्या भागामुळे पुढील शब्दाचा अंदाज बांधता येत नाही व मन त्यातच गुंतून पडते. तेव्हा दिवसभर दूरध्वनीवर बोलणाऱ्यांस बंद दाराची खोली द्यावी, हिशेबनीस व मसुदे लिहिणारे यांची आसने तिच्यापासून दूर मांडावीत, आणि हे सारे इमारतीचा नकाशा मंजूर होण्यापूर्वीच ठरवावे. एकदा छत बांधून झाले, म्हणजे हीच सुधारणा फार महाग पडते.