शब्दावर टॅप केलं तरी कीबोर्ड का उघडतो?

कुठल्याही फॉर्ममध्ये चौकटीवर नाही, तर तिच्या वरच्या 'मोबाईल नंबर' या शब्दांवर टॅप करून बघा. फॉर्म नीट बनवलेला असेल तर कर्सर थेट चौकटीत जातो आणि कीबोर्ड उघडतो. यालाच फोकस म्हणतात.

यासाठी जावास्क्रिप्ट लागतंच असं नाही. चौकटीला एक आयडी असतो. लेबल टॅगच्या 'फॉर'मध्ये तोच आयडी लिहिला की जोडी जुळते. ही सोय 1997 च्या एचटीएमएल 4 मध्येही होती, तरी कित्येक जण साध्या डिव्हमध्ये शब्द टाकून मोकळे होतात! आमच्या सेलूत जुलैमध्ये पीकविम्याची शेवटची तारीख तोंडावर असते, तेव्हा शेतात राबलेल्या जाड बोटाला बारीकसा चेकबॉक्स सापडत नाही. लेबल जोडलेलं असेल तर अख्खी ओळच टॅप करता येते. टॉकबॅक वापरणाऱ्याला चौकट कशाची आहे तेही ऐकू येतं.

लेबलऐवजी आयकॉन असेल तर मात्र क्लिकच्या कोडमध्ये फोकस() बोलवावं लागतं. आणि आयफोनच्या सफारीत ते टॅप झाल्या झाल्या, त्याच फंक्शनमध्ये बोलवा. सेटटाइमआउट लावून उशीर केला, तर कीबोर्ड बहुधा उघडतच नाही.