माहिती असूनही

एच.आय.व्ही. कसा पसरतो, हे आज शाळकरी मुलगाही धडाधड सांगेल. १ डिसेंबरला आपणही फलक घेऊन फेरी काढतो. परंतु माहिती मिळाली म्हणजे माणसाचे वागणे बदलते, हे गृहीतच मुळात तपासून पाहण्याजोगे आहे.

भारतात ही लागण प्रथम १९८६ साली मद्रासला उघडकीस आली. ती शोधणाऱ्या डॉ. सुनीती सॉलोमन माहेरच्या गायतोंडे. पुढे १९९२ मध्ये कलकत्त्याच्या सोनागाछी वस्तीत डॉ. स्मरजित जाना यांनी काम आरंभले. बाहेरचा माणूस कागद घेऊन प्रश्न विचारू लागला, की त्याला हवे तेच उत्तर मिळते. म्हणून तेथे वस्तीतल्या स्त्रियांनाच आरोग्यसेविका नेमले. त्यांच्याकडून जे कळले, ते वैद्यकाच्या पुस्तकात नव्हते. निरोध वापरावा हे बाईला पटते. पण गिऱ्हाइकाने नकार दिला तर? त्याला परत पाठवावे तर तो शेजारच्या खोलीत जाणार, आणि खोलीचे भाडे नि सावकाराचे व्याज तर चुकत नाही! एकटीच्या शहाणपणाला येथे किंमत नाही. सगळ्याजणींनी मिळून नकार दिला, तरच गिऱ्हाईक नमते. १९९५ मध्ये या स्त्रियांची ‘दुर्बार महिला समन्वय समिती’ उभी राहिली, आणि बचत व कर्जासाठी ‘उषा’ ही सहकारी संस्थाही. पतपेढीचा आणि रोगाचा संबंध काय, असे कुणी विचारील. गाठीला चार पैसे असले तरच ‘नाही’ म्हणता येते, हाच तो संबंध.

आपल्याकडे सांगलीत ‘संग्राम’ने १९९२ पासून हीच वाट धरली, १९९६ मध्ये तेथे ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ स्थापन झाली. ज्या शब्दाने लोक हिणवतात तोच त्यांनी नावात घेतला, हे मला विशेष वाटते.

औषधांचेही तसेच. २००४ पासून सरकार ती मोफत देते. लवकर उपचार घेतल्यास जोडीदाराला लागण होण्याचा संभव ९६ टक्क्यांनी घटतो, असे २०११ च्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीत दिसले. मात्र गोळी रोज घ्यावी लागते. ज्या सुनेने आजार घरात लपवला आहे, तिची गोळी विसरभोळेपणाने चुकत नाही. सासू समोर बसलेली असते म्हणून चुकते. यासाठीच उपचार केंद्रांवर डॉक्टरांबरोबर समुपदेशकही असतो. चांगला समुपदेशक ‘गोळी घेता ना?’ एवढ्यावर थांबत नाही. ती घरात कुठे ठेवता, हेही विचारतो.