तंबोऱ्याची पेटी

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाची एकच अट असते : वैद्यकाबाहेरचे लिहा. ती अट पाळण्याचा प्रामाणिक हेतू धरून मी एका कंपनीच्या कार्यालयास दिलेल्या भेटीविषयी लिहावयास बसलो आहे. कंपनी औषधांची नव्हे, हे आरंभीच सांगून टाकतो. तरीही वैद्यक मध्ये येणार आहे. त्यास माझा इलाज नाही.

आमच्या कमठाण्याच्या घरी मिरजेचा एक तंबोरा होता. वडील हौशी गाणारे. पहाटे तळ्यावरून फिरून आले की ते खर्ज लावून बसत. मिरजेतील कारागीर पिढ्यान्‌पिढ्या ही वाद्ये घडवतात. पंढरपूर परिसरातला भोपळा, त्यावर लाकडी दांडी आणि शेवटी घोडीवरची जवारी काढणे, म्हणजे घोडीचा माथा कानाच्या हुकमाने किंचित किंचित घासत जाणे. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा मला वडिलांची फार आठवण झाली. कारण त्यांचा तो तंबोरा मी फोडला होता. जवारी काढून घेण्यासाठी मिरजेस नेला आणि परतताना बसच्या टपावर ठेवण्याचा मूर्खपणा केला. सोलापूरला उतरलो तेव्हा गवसणीच्या आत भोपळ्याच्या खापऱ्या वाजत होत्या. वडील काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरे झाले असते.

पुढे एम. डी. होऊन व्यवसायात पडल्यावर, 1996 साली, पहिल्या बऱ्या कमाईतून मी त्यांना एक पेटी आणून दिली. बंगळूरच्या 'रॅडेल' या कंपनीची, विजेवर चालणारी तंबोऱ्याची पेटी. आज आपल्यापैकी जे गातात त्यांच्या हाती मोबाइल असतो आणि त्यात प्रसाद उपासनी यांच्या 'आयतबला प्रो'सारखी तबला-तानपुरा दोन्ही पुरवणारी उपयोजने असतात. त्यामुळे त्या पेटीचे नवल आता सांगूनही कळणार नाही. जी. राज नारायण हे बंगळूरचे अभियंते. हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये नोकरी आणि स्वतः बासरी वाजवणारे. साथीला तंबोऱ्यावर बसणारा माणूस रोज कुठून आणायचा, ही प्रत्येक गाणाऱ्या-वाजवणाऱ्याची अडचण. 1979 साली त्यांनी विद्युत्‌मंडलांतून तंबोरा बोलता केला. 'सारंग' हा त्यांचा तानपुरा आणि 'तालमाला' हा तबला पुढे घरोघरी गेला. सुरुवातीच्या अशा पेट्यांत स्वर विद्युत्‌दोलकांतून निर्माण होई. नंतरच्या काळात खऱ्या वाद्याचा ध्वनी स्मृतिपटलावर साठवून तोच हव्या त्या पट्टीत वाजवला जाऊ लागला. म्हणजे पेटी बाहेरून वाद्य राहिली आणि आतून संगणकाची आज्ञावली झाली.

वडिलांनी पेटी पाहून प्रथम नाक मुरडले आणि आठवड्याभरात तिच्याविना त्यांची पहाट होईना. ते गेल्यावर ती माझ्याकडे आली. मी गातो असे म्हणण्याचे धाडस करणार नाही, पण रुग्णालयात जाण्यापूर्वी अर्धा तास षड्ज लावतो. बीदर जिल्ह्यात आम्ही मराठी घरात बोलतो, कानडी बाजारात आणि दखनी दोस्तांत. पहाटेचा हा अर्धा तास मात्र तिन्ही भाषांच्या बाहेरचा.

2019 च्या सुमारास पेटीचा आवाज मेल्यासारखा वाटू लागला. स्वर बरोबर, लय बरोबर, पण झंकार नाही. तारेवरची धूळ पुसावी तसा सगळा चमचमाट पुसून गेलेला. वय झाले बिचारीचे, तेवीस वर्षांची झाली, असे मी म्हणत असे. मुलगी तेव्हा बंगळुरात नोकरीस होती. ती म्हणाली, "बाबा, घेऊनच या पेटी. कंपनी इथेच तर आहे." डिसेंबरात दोन दिवस काढले आणि यशवंतपूरच्या गाडीत बसलो. पेटी मांडीवर होती. टपाचा धडा एकदाच पुरे.

खरे सांगायचे तर दुरुस्ती हे निमित्त होते. वीस वर्षे ज्याचे बोट धरून सूर लावला, त्याचे घर कसे असते ते पाहायचे होते. भक्ताने देवळात जावे तसा मी गेलो आणि पाहिले तर ते एक साधे कार्यालय. टेबले, संगणक, मांडून ठेवलेल्या पेट्या आणि आपल्या कामात असलेली माणसे. कुठल्या तरी खोलीतून षड्ज-पंचम ऐकू येत होता, तेवढेच काय ते गर्भगृह. मी माझ्या बीदरी कानडीत आगमनाचा हेतू सांगितला. बंगळूरची माणसे ती कानडी ऐकून हसतात, पण हसू दडवण्याइतकी सभ्य असतात.

एका तरुण तंत्रज्ञाने पेटी उघडली, तपासली, पुन्हा लावली. म्हणाला, "सर, पेटी उत्तम आहे." मी म्हणालो, "जवारी गेली आहे." त्याने पेटीचा आवाज संगणकावर घेतला आणि पडद्यावर त्याचे उभे दांडे दाखवले. डावीकडे मूळ स्वर आणि उजवीकडे त्याचे उपस्वर, एकापुढे एक, दूरवर गेलेले. सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी 1921 साली आपल्या तंतुवाद्यांवर निबंध लिहिला, त्याचा विषय हाच. तार जिथे छेडावी तिथे ज्या उपस्वराचा स्थिरबिंदू पडतो, तो उपस्वर नियमाप्रमाणे ऐकू येता कामा नये. तंबोऱ्यात तो येतो. घोडीचा माथा बाकदार असतो, त्यावर तारेखाली दोरा सरकवलेला असतो आणि तार त्या माथ्याला पुन्हा पुन्हा चाटून जाते, म्हणून येतो. मिरजेचा कारागीर जे घासून साधतो ते रामन यांनी सूत्रात सांगितले. मी पडद्याकडे पाहत होतो. उजवीकडचे दांडे होते. डोळ्यांना दिसत होते. कानांना नव्हते.

"तुला ऐकू येतो का झंकार?" मी मुलीला विचारले. ती गोंधळली. "म्हणजे काय बाबा? केवढा तरी येतोय."

तंत्रज्ञाने, बहुधा वातावरण हलके करण्यासाठी, संगणकावर निव्वळ एकेक स्वर वाजवावयास सुरुवात केली. ऐकू येईल तोवर हात वर ठेवायचा. हजार कंपने, दोन हजार, दोघांचेही हात वर. चार हजारांवर माझा हात अर्धा झाला. सहा हजारांवर खाली आला. मुलीचा हात वरच होता. दहा हजार, बारा हजार, तरीही वरच. खोलीत माझ्यापुरती शांतता होती आणि दोन तरुण माणसे त्या शांततेत काहीतरी ऐकत होती. मुलीने मग हात पटकन खाली घेतला. ऐकू येत असतानाच घेतला, हे मला कळले.

पेटी तपासल्याचे त्यांनी काही घेतले नाही. दुरुस्त काय केले म्हणून घ्यायचे?

बीदरला परतल्यावर कान-नाक-घसा तज्ज्ञ मित्राकडे गेलो. आलेख दोन्ही कानांचा सारखाच : दोन हजारांपर्यंत सपाट आणि पुढे घाटातल्या रस्त्यासारखा उतार. चार हजारांवर 45 डेसिबल, आठ हजारांवर 60. वय हे कारण आहेच. शिवाय भारनियमनाच्या वर्षांत तपासणीच्या खोलीबाहेर दिवसदिवस चाललेल्या जनित्राचाही हातभार असावा, असे त्याचे मत पडले. नवजात बालकाची श्रवणचाचणी पहिल्या महिन्यात, निदान तिसऱ्या महिन्यापर्यंत आणि उपचार सहाव्याच्या आत, हे मी पालकांना झोपेतही सांगू शकेन. स्वतःची चाचणी एकावन्न वर्षांत एकदाही केली नव्हती.

मित्राला मी विचारलेला पहिला प्रश्न स्टेथोस्कोपविषयी होता. त्यावर तो निश्चिंत होता. हृदयाचे ध्वनी आणि बहुतेक मर्मर पाचशे कंपनांच्या आतले. तिथे माझा कान शाबूत आहे. "तुझी अडचण छातीत नाही," तो म्हणाला, "तोंडात आहे. लोकांच्या." स, श, थ, फ ही व्यंजने वरच्या कंपनांत राहतात. स्वर ऐकू येतो, व्यंजन गळते. त्यामुळे माणूस बहिरा आहे असे कुणाला वाटत नाही. त्यालाही वाटत नाही. त्याला वाटते, हल्ली लोक नीट बोलत नाहीत.

हे ऐकले आणि माझ्या पोटात खड्डा पडला. आमच्या बाह्यरुग्ण विभागात परिचारिका वजनकाट्यापाशी उभी राहून बाळाचे वजन सांगते आणि मी टेबलाशी बसून लिहितो. गेली दोन-तीन वर्षे मी त्या बाईंना टोचून बोलत होतो, की तोंडातल्या तोंडात बोलू नका. एकदा त्यांनी 'सात' म्हटले आणि मी 'आठ' लिहिले. औषध देताना त्यांच्या लक्षात आले. त्यांनी मला येऊन सांगितले आणि मी त्यांनाच सुनावले. सात किलोच्या बाळाला आठ किलोचे पॅरासिटामॉल गेल्याने बहुधा काही बिघडत नाही. पण आपण सगळे बालकांना तेवढेच औषध देत नाही. पकडली गेलेली चूक ती एक. न पकडलेल्या किती, याचा हिशेब माझ्यापाशी नाही आणि मिळणारही नाही. त्या महिन्यात मी पुष्कळ जुने कागद काढून वजने पाहत बसलो. त्यातून काही निष्पन्न होणार नव्हते, तरी पाहत बसलो.

आता वजन चिठ्ठीवर लिहून माझ्यापुढे येते आणि मी ते मोठ्याने वाचून दाखवतो. बाईंची मी सर्वांदेखत क्षमा मागितली. "डॉक्टरसाहेब, मला वाटलं माझीच जीभ जड झाली," एवढेच त्या म्हणाल्या.

श्रवणयंत्रे मी लावतो. बरेच जण ती केसांत लपवतात, माझ्याकडे लपवायला केस नाहीत. ती लावून पहिल्यांदा कमठाण्याच्या घरी झोपलो त्या रात्री कसला तरी किरकिराट सुरू झाला. यंत्रातच बिघाड असणार, असे ठरवून मी ती काढली. आवाज थांबला. लावली, पुन्हा सुरू. शेवटी पत्नीला उठवले. ती म्हणाली, "अहो, रातकिडे आहेत. झोपा आता." कीटकनाशकांनी आमच्या शिवारातले रातकिडे नाहीसे केले, असे मी चार ठिकाणी बोलून बसलो होतो.

पहाटे पेटी लावली. झंकार आला खरा, पण यंत्रातून आलेला तो झंकार थोडा पत्र्यासारखा, वडिलांच्या वेळचा नव्हे. ध्वनितज्ज्ञ बाई म्हणाल्या की संगीतासाठी यंत्राची वेगळी जुळवणी करता येते, तीन-चार फेऱ्या लागतील. दोन झाल्या आहेत.