उधारीची शाई

शाईचे पेन गळतेच, अशी माझी शाळेपासूनची समजूत. निवृत्त झाल्यावर पुन्हा दौत आणली आणि उमगले की पेन बिचारे निर्दोष होते. सगळा घोळ आमच्या उधारीचा होता.

आमच्या सांगलीच्या शाळेत पाचवीत पेन हातात येई, तोवर पेन्सिल. तासाला शाई संपली की शेजारणीपुढे पेन उघडून धरायचे. ती आपल्या पेनातून दोन-चार थेंब सोडणार, तेही जीव खाली-वर करत. दुसऱ्या दिवशी परत केली नाही तर कट्टी! बाकावर सांडलेला थेंब खडूच्या तुकड्याने टिपायचा. खडू बघता बघता निळा होई. मुलगे निब सरळ डोक्याला पुसत. तेल लावलेल्या केसांत डाग दिसत नाही, हे त्यांचे शास्त्र.

खरे शास्त्र वेगळे आहे. निबखाली जी काळी जीभ असते, तिच्यातल्या बारीक खाचेतून शाई केशाकर्षणाने खाली उतरते. जेवढी शाई गेली तेवढी हवा आत यायला हवी, नाहीतर पेन अडते. ही देवघेव नीट चालावी अशा जिभेचे पेटंट अमेरिकेत लुईस वॉटरमन यांनी १८८४ मध्ये घेतले. आता नळीत शाई थोडी म्हणजे हवा फार. हाताच्या उबेने ती हवा प्रसरण पावते आणि शाईला पुढे रेटते. जिभेवरच्या आडव्या चिरा थोडीफार जादा शाई धरून ठेवतात. त्या भरल्या की पुढचा थेंब वहीवर. म्हणजे उसन्या चार थेंबांवर चालणारी पेनेच जास्त गळायची. गळतीला घाबरून आम्ही शाई कमी भरायचो, हे तर त्याहून भारी.

माझे जुने काळे पेन कपाटात सापडले तेव्हा आत शाईची खपली धरली होती. गरम पाणी मुद्दाम टाळले. हे एबोनाइट, म्हणजे रबर आणि गंधक एकत्र तापवून केलेले. गरम पाण्याने त्याचा रंग उडतो. गार पाणी ड्रॉपरने पुन्हा पुन्हा सोडत राहिले, आधी गडद निळे, मग फिके, मग नितळ. फडक्याने जोरात घासले तर त्याला अजून गंधकाचा वास येतो.

शाई मात्र पेनाचीच हवी. चित्रकलेची वॉटरप्रूफ शाई जिभेत सुकली की पेन कामातून गेले. मी शाळेतलीच कॅमलची निळी आणली. ती बनवणाऱ्या दांडेकरांनी १९३१ मध्ये मुंबईत धंदा सुरू केला तो ‘हॉर्स ब्रँड’ नावाने, शाईची पूड आणि गोळ्या विकून. उंट मागून आला. हल्लीच्या महागड्या परदेशी बाटल्या मी दुकानात बघते आणि ठेवून देते.

हे सगळे मुलीला ऐकवले तर ती म्हणाली, “आई, माझं तर विमानात टोपण लावलेलं पेन गळलं.” अगं, तेही तेच. वर गेल्यावर केबिनमधला दाब उतरतो आणि पेनातली हवा फुगते. पेन काठोकाठ भरून न्यावे, नाहीतर पूर्ण रिकामे. अर्धवट भरलेले न्यायचेच असेल तर निब वर करून ठेवावे आणि पांढरा कुर्ता घालू नये.